आतले धुके, बाहेरचे धुके : नोझल आणि फॉगलाइटची एक कहाणी

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्याला एक चौक आहे. सगळे त्याला ‘मायको सर्कल’ म्हणतात. रिक्षावाल्याला, बस कंडक्टरला, लग्नाच्या पत्रिकेलाही हेच नाव पुरते. पण हे मायको म्हणजे काय, असे विचारले तर पन्नाशीखालच्यांपैकी फार थोडे उत्तर देतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेली, जर्मनीच्या बॉश कंपनीची भारतातली शाखा. तिचा एक कारखाना सातपूरला आला आणि त्यात डिझेल इंजिनांची नोझले आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, चौकाचे मात्र बदलले नाही.

या चौकाशी माझे नाते थोडे आडवळणाचे आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवत. मुंबई-आग्रा रस्त्यावर, पत्र्याची शेड, पुढे तेलाने काळी झालेली जमीन. मी स्वतः इंजिनिअर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पण दुकानात ऐकलेले शब्द डोक्यातून गेले नाहीत, आणि चाळिशीनंतर मी त्यांच्यामागे लागलो. जुनी पेटंटे, कारखान्यांच्या पुस्तिका, भौतिकशास्त्राची पाठ्यपुस्तके, कायद्यांचे मसुदे असे मिळेल ते वाचत गेलो. जर्मन येत नव्हते, म्हणून शब्दकोश घेऊन बसलो. त्या वाचनातून जी एक गोष्ट हाती लागली, ती येथे मांडतो आहे.

मोटार चालवणे सुधारणाऱ्या वस्तूंची यादी कोणीही केली, तर तीत फॉगलाइट असतो आणि फ्युएल इंजेक्टर असतो. एक बंपरखाली, एक बॉनेटखाली. एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. माझे म्हणणे असे की, या दोन्ही वस्तू एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. तो प्रश्न म्हणजे हवेत तरंगणारा सूक्ष्म थेंब. फॉगलाइट त्या थेंबांशी झगडतो आणि इंजेक्टर तसेच थेंब तयार करतो. आणि दोघांच्याही इतिहासात, वस्तू शोधली जाणे आणि ती सामान्य माणसापर्यंत पोहोचणे यांत एवढे अंतर पडले आहे की, ते का पडले हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१

आधी इंजिनातले धुके.

अण्णांच्या दुकानात भिंतीला लागून नोझल टेस्टर होता. डिझेलचे भांडे, एक दट्ट्या, दाब दाखवणारे घड्याळ आणि लांब दांडा. नोझल नळीला जोडायचे आणि दांडा खाली दाबायचा. काटा दोनशे बारच्या आसपास गेला की नोझलमधली सुई उचलली जाई आणि ‘कर्र’ असा आवाज होऊन तोंडातून धूर निघावा तसा फवारा निघे. अण्णा घड्याळाकडे कमी आणि त्या आवाजाकडे जास्त लक्ष देत. आवाज करकरीत आला तर नोझल चांगले. चिळकांडी उडाली किंवा टोकाला थेंब लोंबला तर म्हणत, “मुततंय, बदला.” आम्हां मुलांना एकच ताकीद होती: “फवाऱ्यात बोट घालायचं नाही.” त्या वेळी ती उगाच धमकी वाटे. पुढे वाचले की, तो फवारा खरोखर कातडी भेदून आत शिरतो आणि डिझेल मांसात पसरून बोट गमवावे लागते.

नोझल थेंब फोडते कशासाठी? साधे गणित आहे. तीन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या. तो फोडून त्याचे मिलिमीटरच्या तीन शतांश व्यासाचे बारीक कण केले, तर दहा लाख कण होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग मूळ थेंबाच्या शंभरपट होतो. इंधन जळते ते पृष्ठभागावरून. थेंब अख्खा राहिला तर बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. तो कच्चेपणा म्हणजेच सायलेन्सरमधला काळा धूर. मिनिटाला दोन हजार फेरे घेणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक नोझलला हे काम मिनिटाला हजार वेळा करायचे असते, आणि दरवेळी त्याच्या हाती सेकंदाचा हजारावा-दोन हजारांश एवढाच वेळ असतो. नोझलची सुई आणि तिची खोबण यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. सुई हाताळण्याआधी अण्णा हात स्वच्छ डिझेलमध्ये का धुवत, हे मला हा आकडा वाचल्यावर कळले.

एवढे सूक्ष्म काम करणारी वस्तू एका दिवसात जन्माला आली नाही. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्गला तपासले गेले तेव्हा त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी सव्वीस टक्क्यांहून थोडी अधिक कामात आणली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपुढे हा चमत्कारच होता. पण डिझेलने इंधन फोडण्यासाठी वापरली ती दाबलेली हवा. ती दाबायला वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि त्याचे वजन असे की, इंजिन कारखान्यात किंवा जहाजावरच शोभावे. रस्त्यावर आणायचे तर हवा काढून टाकून नुसत्या इंधनाच्याच दाबाने फवारा करायला हवा होता. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने १८९० च्या सुमारास त्या वाटेने पाऊल टाकले होते. जर्मनीत बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ मध्ये इंधन आधी एका छोट्या कोठडीत पेटवण्याची कल्पना नोंदवली आणि पहिल्या महायुद्धानंतर सुईचे नोझल सुधारले.

शेवटचा घाव घातला तो रॉबर्ट बॉशने, आणि त्यामागे व्यापारी भीती होती. बॉशचा सारा धंदा ठिणगीचा, म्हणजे मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगचा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. उद्या सगळे ट्रक डिझेलवर गेले तर काय विकायचे? १९२२ च्या अखेरीस त्याने इंजेक्शन पंप स्वतः करायचे ठरवले आणि ३० नोव्हेंबर १९२७ रोजी एक हजार पंपांची पहिली खेप तयार झाली. १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझने डिझेलवर चालणारी मोटार बाजारात आणली. आमच्या दुकानात येणारे पंप या १९२७ च्या पंपाचे थेट वंशज होते. तिरपी खाच असलेला दट्ट्या, तो फिरवला की इंधन कमी-जास्त. साठ वर्षांनंतरही तत्त्व तेच.

२

पेट्रोलची कहाणी वेगळी आहे, कारण पेट्रोलला कार्बुरेटर नावाचा एक समाधानकारक पर्याय होता. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बुरेटर केला. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येते आणि हवेत मिसळते. स्वस्त, सोपा, कोणत्याही गल्लीत दुरुस्त होणारा. त्यात दोष असा की, तो अंदाजाने चालतो. थंडीत चोक ओढावा लागतो, चढावर गुदमरतो, आणि सगळ्या सिलिंडरांना सारखे वाटप करत नाही. ज्यांनी सकाळी पद्मिनीचा चोक ओढून, ॲक्सिलरेटर दाबून आणि देवाचे नाव घेऊन गाडी सुरू केली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

कार्बुरेटरची मर्यादा प्राणावर बेतली ती आकाशात. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या डाइमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. समोरच्या स्पिटफायर आणि हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला कार्बुरेटर होता. जर्मन वैमानिक नाक खाली घालून सरळ सूर मारी. इंग्रज वैमानिकाने तसेच केले की क्षणभर सगळे हलके होई, कार्बुरेटरमधले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन खोकून मंदावे. शत्रू निसटून जाई किंवा उलटून मागे येई.

याच्यावर तातडीचा उपाय काढला तो फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बीट्रिस शिलिंग या महिला अभियंतीने. ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर ताशी शंभर मैलांपुढे मोटरसायकल पळवलेली ही बाई. तिने पेट्रोलच्या नळीत बसवायची, मधोमध नेमक्या मापाचे भोक असलेली एक छोटी पितळी टोपी केली. इंजिनाला पुरेल एवढेच पेट्रोल त्या भोकातून जाई, त्यामुळे जास्तीचे पेट्रोल तुंबून इंजिन बुडेना. १९४१ च्या पहिल्या महिन्यांत ती स्वतः मदतनिसांसह विमानतळा-विमानतळावर जाऊन ती बसवत होती. दोष पूर्ण गेला नाही, पण वैमानिकाला तेवढे पुरले. मला ही हकीकत आवडते, कारण तिच्यात आमच्या पत्र्याच्या शेडीतली अक्कल आहे. नवे इंजिन येईल तेव्हा येईल, आज रात्री विमान उडायचे आहे.

युद्ध संपल्यावर हे तंत्र मोटारीत यायला हवे होते. आलेही. १९५०-५२ च्या सुमारास गोलियाट आणि गुटब्रोड या छोट्या जर्मन मोटारींत, १९५४ मध्ये मर्सिडीज ३०० एसएलमध्ये. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये विजेवर चालणारे, ट्रान्झिस्टर वापरणारे इंजेक्शन जाहीर केले. क्रायस्लरने १९५८ च्या मॉडेलांत ते बसवले. किती गाड्यांत? पस्तीसच्या आसपास. त्या काळचे विजेचे भाग उष्णता आणि दमटपणा सोसेनात. बहुतेक गाड्या परत मागवून त्यांना कार्बुरेटर बसवून दिले गेले. पेटंटे बॉशकडे गेली.

मग १९६७ मध्ये असे काय घडले, की बॉशची तीच कल्पना फोक्सवॅगन १६०० मध्ये बसून अमेरिकेत विकली जाऊ लागली? इलेक्ट्रॉनिक भाग सुधारले होते हे खरे. पण खरे कारण कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरत होते आणि धुराड्यातून काय बाहेर पडते यावर तिथे कायद्याने मर्यादा घातली होती. पुढे त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला एक विचित्र अट होती. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे वजनातले प्रमाण सतत आणि अचूक सांभाळले तरच तो नीट काम करतो. धुराड्यातला ऑक्सिजन मोजून क्षणोक्षणी इंजेक्टरला ‘थोडे कमी, थोडे जास्त’ सांगणारा संवेदक १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेतल्या गाड्यांत आला, आणि कार्बुरेटरचे दिवस भरले. अंदाजाने चालणाऱ्याला मोजमापाच्या राज्यात जागा उरली नाही.

आपल्याकडची गोष्टही याच वळणाने गेली. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिल्ली परिसरातल्या नव्या खाजगी मोटारींना एक जूनपासून युरो-एक आणि १ एप्रिल २००० पासून युरो-दोन मानके लागू केली. पाठोपाठ मुंबईचा क्रम लागला. त्या एक-दोन वर्षांत गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे झळकू लागली. लोक ती पदवीसारखी वाचत. ते ‘मल्टीपॉइंट फ्युएल इंजेक्शन’, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

कायद्याचा रेटा नसला तर काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० इंजेक्शनसह आली. दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघाली, ती कार्बुरेटर घेऊन. स्वस्त, आणि मेकॅनिकला ओळखीची. ग्राहकाने तिचे स्वागतच केले. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाले, तेव्हा कोट्यवधी लोकांच्या रोजच्या दुचाकीतून कार्बुरेटर हद्दपार झाला. मायबाखपासून सव्वाशे वर्षे, बेंडिक्सपासून त्रेसष्ट. चांगले यंत्र आपोआप घरोघर पोहोचते, हा समज मी तरी आता सोडून दिला आहे.

३

आता बाहेरचे धुके.

कसारा घाटात पावसाळ्यात ढग खाली उतरतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना मामांच्या ट्रकमधून मुंबईला गेलो होतो. मामांनी हेडलाइट वर केला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. त्यांनी तो ताबडतोब खाली केला आणि क्लीनरला उतरवले. तो पोरगा पांढरा टॉवेल खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेने चालू लागला आणि आमचा ट्रक त्या टॉवेलमागे. पुढे डिसेंबर १९५२ मधल्या लंडनच्या विषारी धुक्याबद्दल वाचले, तेव्हा तिथेही बसचे कंडक्टर हातात दिवा घेऊन बसपुढे चालत होते हे समजले. जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना धुक्यात एकच उपाय सुचला होता.

ती पांढरी भिंत म्हणजे काय? हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब, बहुधा काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंतचे. म्हणजे जवळजवळ त्याच मापाचे, जे अण्णांचे नोझल आत तयार करत होते. दिव्याचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि बराचसा आपल्याच डोळ्यांकडे परत येतो. दिवा जितका प्रखर आणि डोळ्याच्या जितका जवळ, तितकी भिंत पांढरी.

आमच्या लहानपणी यावर सर्वमान्य तोडगा होता पिवळा दिवा. पिवळा प्रकाश धुके कापतो, हे वाक्य मी ड्रायव्हरांकडून, मेकॅनिककडून, शाळेतल्या मास्तरांकडूनही ऐकले. काही जण हेडलाइटवर पिवळा जिलेटीन कागद चिकटवत. या समजाला मोठ्या देशाचा आधारही होता. फ्रान्सने १९३६ मध्ये मोटारींना पिवळे दिवे सक्तीचे करण्याचा नियम केला आणि तो १९९३ पर्यंत चालू राहिला. त्यामागे समोरच्याचे डोळे कमी दिपावेत हा विचार होता, पण लोकांनी त्यात धुकेही घालून टाकले.

समजाला शास्त्राचा आधार दिला जातो तो लॉर्ड रॅलीचा. त्याने १८७१ मध्ये दाखवले की, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल-पिवळा कमी. आकाश म्हणूनच निळे. मग पिवळा धुक्यातून पार जाणारच, नाही का? इथे गोम आहे ती ‘खूप लहान कण’ या शब्दांत. हवेचा रेणू तरंगलांबीच्या तुलनेत धुळीचाही कण नाही. धुक्याचा थेंब मात्र तरंगलांबीच्या दहापट, वीसपट मोठा असतो. अशा मोठ्या गोल कणांचे गणित १९०८ मध्ये गुस्टाफ मी या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. आडनावच ‘मी’, त्यामुळे मराठी टिपणे काढताना माझी बरीच करमणूक झाली. त्याच्या गणितानुसार असे थेंब सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पुरावा हवा असेल तर घाटात उभे राहून बघावे. धुके पांढरे दिसते. त्याने रंगांत भेदभाव केला असता तर ते रंगीत दिसले असते.

मग फॉगलाइटचा उपयोग नाही का? आहे, पण रंगामुळे नाही. जागेमुळे आणि आकारामुळे. युरोपातून आलेल्या नियमांत मोटारीचा पुढचा फॉगलाइट जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरपेक्षा खाली आणि ऐंशी सेंटिमीटरपेक्षा वर नसावा, अशी मर्यादा आहे. म्हणजे डोळ्यांपासून तो शक्य तितका खाली. झोत रुंद आणि चपटा, वरची कड सुरीने कापल्यासारखी. प्रकाश रस्त्यालगत पसरतो, डोळ्यांसमोरचे धुके अंधारातच राहते, म्हणून भिंत उभी राहत नाही. पुढचे काही मीटर, कडेचा पांढरा पट्टा, मैलाचा दगड एवढे दिसते. तो दूरचे दाखवत नाही, आणि दाखवण्यासाठी केलेलाच नाही.

मागचा लाल फॉगलाइट त्याहून महत्त्वाचा. तो आपल्याला काही दाखवत नाही, आपल्याला इतरांना दाखवतो. साध्या मागच्या दिव्याच्या कितीतरी पट प्रखर असल्याने तो ब्रेकच्या दिव्यापासून किमान दहा सेंटिमीटर दूर असावा, असा नियम आहे. नाहीतर ब्रेक लागला हे मागच्याला कळणारच नाही. ब्रिटनने १ एप्रिल १९८० पासूनच्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा केला. जर्मनीत तो पन्नास मीटरपेक्षा कमी दिसत असेल तेव्हाच लावता येतो, आणि अशा वेळी वेगाची मर्यादाही ताशी पन्नास किलोमीटर. हा जोडलेला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, आणि का ते सांगण्यासाठी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

४

१९९८ च्या जुलैमध्ये मी सेकंडहँड गाडीला हौसेने दोन पिवळे फॉगलाइट बसवले आणि पंधरा दिवसांनी रात्री कसारा घाट चढलो. ढग उतरलेला होता. दिवे लावले, पट्टा स्पष्ट दिसला, आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. साठपर्यंत असेन. एका वळणानंतर रस्त्यातच बंद पडलेला, मागचे दिवे नसलेला ट्रक एकदम समोर आला. मागे दगड ठेवले होते, तेवढेच. ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि ट्रकच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी बायको होती, मागे झोपलेली मुलगी. मी बराच वेळ स्टिअरिंगवरून हात काढू शकलो नाही.

पुढे कधीतरी कागदावर हिशेब केला. ताशी साठ म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर. समोरचे पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर तिथेच संपतात. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पस्तीस. एकूण साठ मीटर. माझे दिवे मला तेवढ्या लांबचे दाखवतच नव्हते. दिव्यांनी मला रस्ता दाखवला नव्हता, रस्ता दिसतो आहे असे वाटायला लावले होते. अण्णांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दिवा डोळ्याला असतो, पायाला नाही.”

इंजेक्टरच्या इतिहासातही या भ्रमाची बहीण आहे. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल डिझेल आले. सगळ्या नोझलांना एकच सामायिक नळी, तीत १३५० बारचा कायम दाब, आणि नोझल केव्हा उघडायचे हे संगणक ठरवणार. एका स्फोटाऐवजी दोन-तीन छोटे फवारे. डिझेलची खडखड गेली, धूर गेला, ताकद वाढली. खरोखरच मोठी सुधारणा. पण फवाऱ्याचा हुकूम आता डोळ्यांना न दिसणाऱ्या आज्ञावलीकडे गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की, फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली घातली होती, जी तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते इंजिन सभ्यपणे चालवी. रस्त्यावर आले की नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी वर. स्वच्छ धुराडे पाहून लोक निर्धास्त होते. अण्णांच्या टेस्टरवर नोझल खोटे बोलू शकत नव्हते.

कॉमन रेलने आमचे दुकानही संपवले, हे लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. नव्या इंजेक्टरसाठी संगणकी टेस्ट बेंच लागतो, त्याची किंमत शेडीसकट आमच्या जागेपेक्षा जास्त होती. अण्णांनी तक्रार केली नाही. २००९ मध्ये त्यांनी शटर ओढले. आवाजावरून नोझल ओळखणारा त्यांचा कान मात्र कोणत्याही यंत्रात उतरवून घेतला गेला नाही. तो त्यांच्याबरोबर गेला.

५

आतल्या आणि बाहेरच्या धुक्याचा शेवटचा दुवा मला सर्वांत उशिरा सापडला. धुक्याचा थेंब नुसत्या वाफेतून तयार होत नाही. त्याला बसायला एखादा कण लागतो. मिठाचा, धुळीचा, नाहीतर धुराचा. हवेत धुराचे कण जास्त, तर थेंब जास्त आणि बारीक, आणि तेवढ्याच पाण्यात धुके अधिक दाट. गंगेच्या मैदानात हिवाळ्यात आठवडे-आठवडे बसणाऱ्या धुक्यात शेकोट्या, कारखाने, जळणारे पाचट यांच्याबरोबर गाड्यांच्या धुराचाही वाटा आहे. म्हणजे आत ज्या थेंबाचे नीट धुके झाले नाही, तो काजळी होऊन बाहेर पडतो आणि बाहेरच्या धुक्याचा पाया होतो. मग त्याच गाडीला पुढे फॉगलाइट लावावा लागतो. गंमत म्हणजे, फवाऱ्यातले थेंब किती बारीक झाले हे प्रयोगशाळेत लेसरचा प्रकाश विखुरून मोजतात, आणि त्यामागचे गणित गुस्टाफ मीचेच.

म्हणून ‘गाडी चालवणे कशाने सुधारते’ या प्रश्नाला माझे उत्तर जाहिरातींपेक्षा वेगळे आहे. इंजेक्टरने मायलेज वाढवले, चोकपासून सुटका केली, हे खरे. पण त्याने केलेले सर्वांत मोठे काम गाडीच्या मालकासाठी नव्हते, फुटपाथवरून चालणाऱ्यासाठी होते, म्हणूनच ते बाजाराने नाही, कायद्याने करून घेतले. फॉगलाइटने घाट सुकर केला हेही खरे. पण त्याचे काम वेग वाढवण्याचे नव्हते. धुके नसताना तो लावून फिरणारा माणूस समोरच्याला आंधळा करतो, आणि धुके असताना त्याच्या भरवशावर पळणारा स्वतः आंधळा होतो.

अण्णांचा टेस्टर आमच्या माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना खाली काढला. वॉशर सुकले होते, ते बदलले, भांड्यात डिझेल ओतले आणि एक जुने नोझल लावून दांडा दाबला. मुलीने पाहायला मान पुढे केली, तसा मी नकळत हात आडवा धरला. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला ‘कर्र’ आवाज आला आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात क्षणभर पांढरे धुके उभे राहिले. मग विरले. मुलगी मुंबईला नोकरी करते, दर शुक्रवारी रात्री गाडी घेऊन कसारा घाट चढते. तिच्या गाडीला पुढचे-मागचे दोन्ही फॉगलाइट आहेत, इंजेक्टर आहेत, ट्रक आता बऱ्यापैकी रिफ्लेक्टर लावतात. निघताना मी तिला एकच विचारतो, “घाटात ढग असला तर किती चालवतेस?” ती चाळीस म्हणते. मी खरे मानतो.